न पाठवलेलं मूल्यमापन

मुनीर,

तू गेलास त्याच्या पुढच्याच आठवड्यात लीनाची मेल आली. बाल्टिक समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या देशाच्या संशोधन-निधीच्या कार्यालयातली आपली लीना, जी इतकी वर्षं आपल्या दोघांकडे तिथल्या छोट्या-मोठ्या कंपन्यांचे अर्ज तपासायला पाठवत आली. सुरुवातीच्या दोन ओळी दुःखाच्या होत्या, आणि त्या मनापासून लिहिल्या होत्या याबद्दल मला शंका नाही. तिसऱ्या ओळीपासून कार्यालय बोलू लागलं. तज्ज्ञांच्या यादीत तुझ्या नावापुढे आता 'उपलब्ध नाही' अशी नोंद झाली आहे. तुझं शेवटचं मूल्यमापन तू संगणकावर जतन करून ठेवलं होतंस, पण पाठवलं नव्हतंस, त्यामुळे नियमाप्रमाणे ते झालंच नाही असं समजलं जाईल. मुदत जवळ आल्याने नवा तज्ज्ञ नेमणं अवघड आहे. तेव्हा त्या अर्जाचा निर्णय हाती असलेल्या एकाच मूल्यमापनावर, म्हणजे माझ्या, घेता येईल. मी फक्त संमती कळवायची.

मी त्या अर्जाला दिलेले गुण तुला ठाऊक आहेत. त्या गुणांवर तो अर्ज पडतो.

रियाधच्या ऑफिसात बसून मी ती मेल वाचली आणि टेबलावर हात आपटला. शेजारच्या केबिनमधला इजिप्शियन सहकारी 'खैर? खैर?', सगळं ठीक ना, असं विचारत धावत आला. माझ्याकडून कसलाही आवाज होऊ शकतो हेच त्याला नवीन होतं. मी म्हटलं, काही नाही, आणि हात टेबलाखाली घेतला. पण काही नाही असं नव्हतं. मला तुझा राग आला होता. त्या मेलचा, त्या नियमाचा, लीनाच्या त्या सभ्य तिसऱ्या ओळीचा राग नंतर आला. सर्वांत आधी तुझा आला. मुनीर, एक बटण दाबायचं होतं. का दाबलं नाहीस?

आणि लगेच आठवलं, की तू माझ्यासाठी थांबला होतास.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी तुला पाहिलेलं नाही, त्यांना आपलं हे काम आधी सांगायला हवं. तू जुबैलमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, मी रियाधमध्ये एका कंपनीच्या हिशेब खात्यात. आपल्याला त्या दूरच्या देशाचं काय? पण त्या देशाची अडचण मोठी गमतीची आहे. लोकसंख्या आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी. नव्या शोधासाठी सरकारचं अनुदान मागणारा आणि ते द्यावं की नाही हे ठरवणारा, हे दोघे एकाच शाळेत गेलेले, एकाच तळ्याकाठी सुट्टीला जाणारे, नाहीतर एकमेकांचे मेहुणे. म्हणून त्यांनी ठरवलं की निवाडा परक्यांनी करायचा. प्रत्येक अर्जाला एक तंत्र जाणणारा आणि एक पैसा जाणणारा असे दोन तज्ज्ञ बाहेरून शोधायचे. त्यांनी आपापले गुण द्यायचे, मग भेटीत बसून दोघांचा मिळून एकच गुण ठरवायचा. तज्ज्ञांची नावं अर्जदाराला कधीही सांगायची नाहीत. तू कारखान्याकडून रीतसर परवानगी काढली होतीस, मी माझ्या कंपनीकडून. एकमेकांची आपल्याला गंधवार्ता नव्हती.

पहिली भेट संगणकाच्या पडद्यावर झाली. अर्धा तास आपण दोघे आपापल्या इंग्रजीत वाद घालत होतो. तू एका अर्जाला 'उत्कृष्ट' म्हणत होतास, मी 'बरा'. शेवटी आपला माईक बंद आहे अशा समजुतीने तू पुटपुटलास, "आता या माणसाला कोण समजावणार, बाबा!"

मी मराठीत म्हटलं, "समजावून बघा. मी ऐकतोय."

तुझा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. मग तू असा हसलास की लीना गोंधळून विचारू लागली, काही तांत्रिक बिघाड झाला का. तू दापोलीजवळचा, मी सोलापूरचा, इथे सौदीत एकमेकांपासून चार-पाच तासांच्या रस्त्यावर राहणारे, आणि ओळख करून दिली ती बर्फातल्या एका कार्यालयाने. आपण दोघांनी तिथल्या तिथे नियमाप्रमाणे जाहीर केलं की आपण एका प्रांतातले निघालो. लीना म्हणाली, "हरकत नाही. तुम्ही एकमेकांना ओळखत असाल, पण आमच्यातल्या कोणाला ओळखत नाही ना? आम्हाला तेवढंच पुरे."

पुढे मी जुबैलला येऊ लागलो. मासळी बाजारात तू कनाद म्हणून ओरडणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करायचास आणि माझ्याकडे वळून म्हणायचास, "ही सुरमई रे. तुमच्या सोलापुरात काय म्हणतात हिला? शेंगदाण्याची चटणी?" जुम्म्याची नमाज, जेवण, आणि मग टेबल पुसून अर्ज, शुक्रवारचा तुझा हा क्रम पाहुणा आला म्हणून चुकायचा नाही. चहा ठेवता ठेवता रुखसानाभाभी मला म्हणायच्या, "अवीभाऊ, यांची दुसरी बायको तिकडं बर्फात हाय. शुक्रवार तिचा." तुझी सना कॉलेजातून सुट्टीला आलेली असली तर ती मोबाइलवरची नजर न काढता म्हणायची, "पप्पा, दे डोन्ट ईव्हन नो यू!"

तू तिला म्हणालास, "म्हणून तर खरं लिहिता येतं, बाय."

ते उत्तर मला त्या वेळी फार आवडलं होतं. आज त्याचाही राग येतो. तुला कोणी ओळखू नये अशी व्यवस्था त्यांनी केली आणि तू तिच्यात आनंदाने राहिलास. नाकारलेल्या अर्जांवरही तू पानभर लिहायचास: ही नळी इतकी बारीक ठेवू नका, गाळ बसेल, हा प्रयोग उन्हाळ्यात करा, हे मोजमाप चुकीच्या जागी घेताय. लीनाच्या नियमांत त्यासाठी ना गुण होते ना मोबदला. कोणी पोरगा तिकडे आपल्या गॅरेजमध्ये तुझ्या सांगण्याप्रमाणे नळी बदलत असेल आणि ते सांगणारा माणूस जुबैलच्या उन्हात हेल्मेट घालून पंपांच्या आवाजात उभा आहे हे त्याला स्वप्नातही कळणार नाही. तुझ्या स्वतःच्याही डोक्यात एक यंत्र होतं. दोनदा तू ते मला भाताच्या ताटात बोटाने रेषा ओढून दाखवलंस. मी म्हटलं, अर्ज कर कुठेतरी. तू हसलास. "कुठं करू? तिकडचे पैसे तिकडं राहणाऱ्याला. इकडं डोक्यातलं सगळं कारखान्याचं. गावाला जाऊन करायचं तर पत्ता विचारतील, मी सांगू काय, इथल्या रहिवासी परवान्याचा, इकाम्याचा नंबर? नाय रे अवी. मी परीक्षकच बरा."

मी ताटातल्या रेषा बघत राहिलो आणि मग आमटी वाढून घेतली.

बोलण्याच्या जागी न बोलणं हा माझा स्वभाव आहे, आणि तो सज्जनपणा आहे अशी माझी समजूत तू एकट्याने मोडायचा प्रयत्न केलास. "तुला राग येत नाही असं लोक समजतात," तू एकदा म्हणालास. "राग येतो तुला. राग आला की तू अर्धा गुण कापतोस." त्या देशाच्या पद्धतीत पाचपैकी गुण आणि प्रत्येक गुणाला ठरलेला शब्द: तीन म्हणजे चांगला, चार म्हणजे फार चांगला. चाराच्या खाली गेलेला अर्ज उंबरठ्याबाहेर. मी साडेतीन फार द्यायचो. साडेतीन दिले की कोणाचा अपमान होत नाही आणि अर्ज मात्र मरतो. "सभ्य फाशी," तू म्हणायचास. "दोर रेशमाचा."

आणि आपण दोघांनी मिळून एक वाईट सवय लावून घेतली. नियम असा होता की आधी दोघांनी स्वतंत्रपणे गुण पाठवायचे, बोलायचं नंतर, बैठकीच्या अध्यक्षांसमोर. सुरुवातीला आपण तसंच करत होतो. पण मैत्री झाली आणि परक्या लोकांसमोर एकमेकांना खोडून काढणं आपल्याला बरं वाटेना. दोन मराठी माणसं तिथे भांडली तर कसं दिसेल! म्हणून आधी फोन करायचा, घरच्या घरी काय ते मिटवायचं, आणि मग जवळजवळचे आकडे पाठवायचे. किती समजूतदार वाटायचं ते. लीनाला आपल्या जोडीचं कौतुक होतं, बैठक दहा मिनिटांत संपायची. आपण लाज राखत होतो आणि तिला काम म्हणत होतो. निवाड्यासाठी परका माणूस हवा म्हणून ज्यांनी आपल्याला इतक्या लांबून शोधलं, त्यांच्यासाठी आपण पुन्हा एक मेहुणेपणा तयार केला होता.

शेवटच्या अर्जाच्या वेळी मी मात्र नियमावर बोट ठेवलं. तुझ्याशी पटणार नाही हे दिसत होतं, म्हणून तुझ्या फोनची वाट न बघता माझे गुण पाठवून दिले. नियम मला त्या दिवशी नेमका आठवला.

अर्जदाराचं नाव आणि गाव मी इथेही लिहिणार नाही. तशी सही आपण केली आहे आणि तू असतास तरी लिहू दिलं नसतंस. एक बहीण आणि एक भाऊ, दोघांचीच कंपनी. खाऱ्या पाण्याच्या गाळण्यांवर जो बुळबुळीत थर चढतो, तो रसायनं न वापरता काढण्याची त्यांची काही युक्ती. मोठ्या प्रमाणावर चाचणी करायला अनुदान हवं होतं. नाही मिळालं तर या हिवाळ्यानंतर कंपनी बंद करू, असं त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं होतं. आणि मधल्या एका पानावर त्यांनी लिहिलं होतं की आम्ही पूर्वी एक चाचणी केली, ती फसली. थर निघाला, पण काही आठवड्यांनी दुप्पट जाड होऊन परत आला. का आला असावा याचे आमचे अंदाज असे असे आहेत, आणि यातला कोणता खरा ते आम्हाला अजून माहीत नाही.

तू फोन केलास तेव्हा आवाजावरून मला वाटलं, घरी कोणाचं लग्न ठरलं.

"अवी, वाचलास? वाचलास तू? त्यांनी नापासाचा पेपर स्वतः होऊन जोडलाय!"

"वाचला. म्हणूनच धोका जास्त धरला मी."

"धोका सगळ्यांचा सारखाच असतो रे. बाकीचे सल्लागाराला पैसे देऊन तो झाकतात. यांनी झाकला नाय, एवढंच. हा जो परत आलेला थर आहे ना, तो मी रोज बघतो. रोज! माझ्या गाळण्यांवर. याच्यावर कोणी बोलत नाय. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं येतात, सूट घालून, नव्वद टक्के स्वच्छता म्हणून सांगतात, जेवून जातात. तिसऱ्या महिन्यात थर परत. हे दोघं पहिले, ज्यांनी लिहिलं."

"खर्चातला त्यांचा स्वतःचा हिस्सा कुठून येणार ते स्पष्ट नाही. एकही गिऱ्हाईक ठरलेलं नाही. पूर्वीची चाचणी अयशस्वी. चौकटीत बसवायचं तर..."

"चौकट गेली खड्ड्यात. किती दिलेस?"

मी सांगितलं.

"पाठवलेस पण?"

"पाठवले."

"मला न विचारता."

"नियम तसाच आहे, मुनीर."

"वा! नियम." मग तू हसलास, पण ते हसणं मासळी बाजारातलं नव्हतं. "ठीक आहे. तू लीनाला सांग, परत उघडून दे म्हणून. बदल. तोवर मी माझे पाठवत नाय."

"मी बदलणार नाही."

"मग मीही पाठवणार नाय. बघू कोण आधी कंटाळतो."

हे आपलं शेवटचं बोलणं. पुढे तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. मला वाटलं, करेल. मला वाटलं, माझीच बाजू नियमाची आहे, घाई काय? आणि एका सकाळी सनाचा मेसेज आला, इंग्रजीत, चार शब्दांचा. कारखान्यात कामावर असतानाच तू खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस.

मी गाडी काढली. दुपारच्या असरच्या नमाजनंतर दफन ठरलं होतं आणि मी पोचलो तेव्हा लोक मशिदीतून कब्रस्तानाकडे निघालेही होते. फाटकाशी मी थांबलो. मला कोणी अडवलं नाही. मीच आत गेलो नाही, कसं वागायचं ते मला माहीत नव्हतं. बाहेर तुझ्या कारखान्यातला एक फिलिपिनो फोरमन उभा होता, तोही माझ्यासारखाच. त्याने मला विचारलं, तुम्ही त्यांचे भाऊ का? मी हो म्हटलं. भिंतीपलीकडून मातीचे आवाज येत होते आणि मला, देवाशपथ, एकच गोष्ट सुचत होती: हा माणूस माझ्याशी भांडण चालू असताना निघून गेला. ही कुठली रीत? वाद मिटल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, असं मला तूच सांगत आला होतास.

त्या आठवड्यात तुझा इकामा बंद झाला. भाभींचा मुक्काम तुझ्या इकाम्यावर होता, त्यामुळे त्यांच्याही परतीची कागदपत्रं सुरू झाली. कंपनीचं घर रिकामं करायला सांगितलं गेलं, अत्यंत नम्रपणे. इकडच्या सरकारने तुला यादीतून काढलं आणि तिकडच्या सरकारनेही काढलं. दोन टोकांचे दोन देश, पण या कामात त्यांचा वेग सारखाच निघाला. मला सांग, मुनीर, कोणत्या यादीत होतास तू? इतकं पाणी गोडं केलंस, इतक्या लोकांच्या चुका न रागावता दाखवल्यास, आणि खोडायला एक-एक ओळ पुरली. मला याची चीड येते. मृत्यूची येत नाही तेवढी याची येते.

मी घरी भेटायला गेलो तेव्हा भाभी खोकी बांधत होत्या. रडणं आटोपलेल्या माणसाचा असतो तसा कोरडा आवाज. म्हणाल्या, "अवीभाऊ, यांचं ते बर्फातलं काम अर्धंच ऱ्हायलं का?"

मी म्हटलं, "एक अर्ज राहिला."

"कोणाचं अडलं असंल तर बघा बाबा. लोक वाट बघत असतील. हे शुक्रवारी त्याच्यापायी माझ्याशीबी बोलत नव्हते."

मी "बघतो" म्हणालो. सना दारात उभी होती. ती म्हणाली, आणि या वेळी मराठीत म्हणाली, "काका, पप्पा तुमच्यावर चिडले होते."

"माहीत आहे, बेटा."

"पण तुम्ही बदलाल असं पण म्हणत होते."

लीनाची मेल आली ती यानंतर. पहिला विचार सोपा होता: गुण वाढवून टाकावेत. तुझ्यासाठी. पण तुला ते चाललं नसतं. एकदा एका म्हाताऱ्या संशोधकाच्या अर्जावर मला गहिवरून आलं होतं तेव्हा तू मला सोलून काढलं होतंस. "दया दाखवायची तर मी जकात देतो, तू दान दे. गुण नाय द्यायचे. गुण दिलेस तर त्याच्या यंत्रावर कोणीतरी विसंबून बसणार आहे." तुझ्या मरणाच्या नावाने पुढे सरकवलेला अर्ज म्हणजे त्या बहीणभावाच्या प्रामाणिकपणावर थुंकणं झालं असतं. म्हणून मी तो अर्ज पुन्हा वाचायला घेतला, तुला हरवण्याच्या इराद्याने. खरंच. मला सिद्ध करायचं होतं की तू नसतानाही मीच बरोबर आहे, म्हणजे मला निदान शांत झोप लागली असती.

ताडून बघायला मी त्याच फेरीतला दुसरा एक अर्ज शेजारी ठेवला, ज्याला मी चार दिले होते आणि ज्यावर आपलं भांडण झालं नव्हतं. मोठी कंपनी, सल्लागाराने लिहिलेला, चकचकीत. त्यांचंही एकही गिऱ्हाईक ठरलेलं नव्हतं. त्यांचा हिस्साही 'अपेक्षित' होता. पूर्वीच्या चाचणीबद्दल तिथे एक वाक्य होतं: प्राथमिक निष्कर्ष उत्साहवर्धक. कशाचे निष्कर्ष, किती आठवड्यांचे, थर परत आला का, काहीच नाही. भोक तेच होतं. एकाने त्यावर रंगीत चटई अंथरली होती आणि दुसऱ्याने म्हटलं होतं, इथे भोक आहे, सांभाळून या. मी चटईला चार दिले. सांभाळून या म्हणणाऱ्याला साडेतीन.

हिशेबाच्या खात्यात मी इतकी वर्षं काढली आहेत, मुनीर. जोखीम मोजतो म्हणून पगार घेतो. आणि मी मोजत काय होतो, तर समोरच्याने किती सांगितलं ते. जितकं कमी सांगाल तितकी जोखीम कमी. त्या देशातली पोरं हे कधीच शिकली असणार. आपल्यासारखे परीक्षक फेरीमागून फेरी त्यांना हेच शिकवत आले: फसलेलं लिहू नका. मग सगळे तेच फसलेले प्रयोग आपापल्या गॅरेजमध्ये पुन्हा पुन्हा करतात आणि सरकार दर वेळी त्यालाच नवा शोध म्हणून पैसे देतं. हा राग आता कोणावर काढू? नियम वाईट नाहीत. लीना चांगली बाई आहे. अर्धा गुण कापणारा हात माझा आहे.

मी लीनाला कळवलं की संमती देणार नाही, बैठक घ्या. ती झाली, मंगळवारी. लीना, अध्यक्ष, आणि मी. अध्यक्ष म्हणजे शेजारच्या देशातले एक वयस्क प्राध्यापक. त्यांनी तुझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळू या म्हटलं आणि ती पाळलीही. मग त्यांनी विचारलं, दिवंगत सहकाऱ्याचं मत तुम्ही मांडणार असाल तर ते आम्हाला विचारात घेता येणार नाही, याची कल्पना आहे ना?

"आहे," मी म्हटलं. "मी माझं मत बदलतो आहे. ते माझं म्हणूनच ऐका."

मी दोन्ही अर्ज समोर ठेवले आणि कारण सांगितलं. नुसता हा वर घ्या, असं मी म्हटलं नाही. तो दुसरा, चार दिलेला, त्याचेही मी कमी करतो म्हणालो. त्यावर अध्यक्ष अस्वस्थ झाले. तो अर्ज तर बंद झाला आहे, ते म्हणाले, आता उघडला तर फेरी पुन्हा काढावी लागेल. तो उघडला गेला नाही. तो तसाच चारावर राहिला आहे. पण या बहीणभावाचा अर्ज उंबरठ्याच्या आत आला. अध्यक्षांनी दोन प्रश्न विचारले, योग्य विचारले, आणि मान्य केलं.

मग लीनाने अहवाल पडद्यावर उघडला. त्यात एक वाक्य आधीच छापलेलं असतं, तू शेकडो वेळा वाचलं असशील: चर्चेअंती दोन्ही तज्ज्ञांचं एकमत झालं.

मी म्हटलं, "हे काढा."

"ते काढता येत नाही," लीना म्हणाली. "सिस्टीमच घालते. कोणी वाचत नाही ते."

"मी वाचतो. एकमत झालेलं नाही. मुनीर माझ्याशी सहमत न होता मेला आहे. तो बरोबर होता, मी चूक होतो, आणि हे त्याला कळण्याआधी तो मेला. तुमच्या सिस्टीममध्ये यासाठी रकाना नसेल तर तो करा!"

मी ओरडलो, मुनीर. दरवाजा उघडा होता, सगळ्या मजल्याने ऐकलं. माझ्या आवाजात इतकं काही आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. लीनाने डोळे पुसले. वाक्य निघालं नाही. सिस्टीमपुढे कोणाचं चालत नाही. पण त्याखाली शेऱ्यांची मोकळी जागा असते, ती मी भरली. परत येणाऱ्या थराबद्दल फोनवर तू जे म्हणालास ते जेवढं मला आठवत होतं, जेवढं मला समजलं होतं, तेवढं लिहिलं. तुझं नाव लिहिता येत नव्हतं. त्या जागी मी लिहिलं, 'ज्याच्या गाळण्यांवर हा थर रोज येत असे अशा एका माणसाने सांगितल्याप्रमाणे'. लीनाने ते तसंच ठेवलं.

काल यादी लागली. ते दोघे त्यात आहेत. मी भाभींना दापोलीला फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. कोण होती ती माणसं?" मी म्हटलं, सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं आपलं कायतरीच," आणि मला जेवलात का विचारलं.

आता एक गोष्ट. अर्जाच्या अखेरीस त्या बहिणीने तिसऱ्या वर्षीच्या विक्रीचा जो अंदाज मांडला आहे, तो मला अजिबात पटलेला नाही. एवढ्या गाळण्या त्या सबंध किनाऱ्यावर नसतील. त्या रकान्यात मी गुण वाढवलेले नाहीत आणि वाढवणारही नाही. इथे मी बरोबर आहे, हे तुला मान्य करावं लागेल. नसेल मान्य, तर बोल. बोल ना, मुनीर.